इतवारीची संध्याकाळची गाडी

नागपूरचं मोठं रेल्वे स्टेशन आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी आतून पाहिलंही नसेल. ते मुंबई-हावड्याच्या प्रवाशांसाठी. गोसीखुर्द, पवनी, भिवापूर, उमरेड या अंगानं येणाऱ्यांचं नागपूर इतवारी स्टेशनावर सुरू व्हायचं आणि बहुतेकदा दिवस मावळता तिथंच संपायचं.

बंगाल-नागपूर रेल्वेनं 1908 मध्ये नागपूर-नागभीड ही अडीच फुटी लाइन सुरू केली, तेव्हा आमच्या सोयीचा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. झाडीपट्टीतला माल बाजारात यायला हवा होता, इतकंच. म्हणून गाडी बाजारातच येऊन थांबायची. जवळच लकडगंज, जवळच मस्कासाथ, पलीकडे इतवारीची किराणा आणि सराफा बाजारपेठ. डोक्यावरचं ओझं उतरवायला रिक्षासुद्धा लागू नये. पुढे त्याच डब्यांतून नोकरदार, विद्यार्थी, दूधवाले आणि कोर्टाच्या तारखा असलेले लोक येऊ लागले. भिवापुरी मिरचीचं पोतं दाराशी असलं की अख्खा डबा शिंकायचा; पण पोतं उतरव असं म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण पुढच्या हंगामात आपलंही असणार.

माझे आबाजी, म्हणजे आजोबा, तारखांवाल्यांपैकी. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली आणि वैनगंगेकाठची आमची धानाची शेती त्या दिवसापासून कागदावर पाण्याखाली गेली. प्रत्यक्ष पाणी यायला मग वीस वर्षं लागली. या मधल्या काळात आबाजी मोबदल्यासाठी झिजले. सकाळी पवनी रोडला गाडी धरायची (पवनी तिथून लांब, गोसी त्याहून लांब, म्हणजे घरून निघायचं ते अंधारातच), इतवारीला उतरून वकिलाकडे आणि कचेरीत जायचं, परतीच्या गाडीला तास असतानाच स्टेशनावर यायचं. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. तो एक तास माझा असे.

ते फलाटावर बसत नसत, रिकाम्या डब्यात जाऊन बसत. समोरासमोरच्या बाकांवर आमचे गुडघे एकमेकांना लागत, इतका तो डबा अरुंद. पिशवीतून लाखोरीच्या डाळीचं गाठोडं माझ्याकडे यायचं. मग त्याच पिशवीतून सातबारा, नोटीस, वकिलाची चिठ्ठी एकेक बाहेर यायची. कागद मांडीवर पसरून हातानं सरळ करायचे, माझ्याकडून वाचून घ्यायचे, पुन्हा त्याच घडीवर दुमडायचे. सातबारा घड्यांवरच फाटला होता. त्याला मागून डिंकानं वर्तमानपत्राची पट्टी लावलेली. कचेरीत काय झालं विचारलं की म्हणायचे, "सायब नोयता." दर वेळी साहेब नसायचाच असं नव्हे, पण त्या टेबलामागच्या माणसाचं बोलणं नातवाला सांगण्यासारखं नसावं. धरणाबद्दल एकदाच बोलले: "पानी येईन त येईन, पन आदी मले सांगून त येईन."

दिवे लागायच्या सुमारास डबा भरायचा. पिशव्या, सायकलीची चाकं, शाळेच्या मास्तरांचा पत्त्यांचा डाव. शंभरेक किलोमीटरच्या वाटेला चार तासांहून अधिक लागायचे, पण उशीर झाला म्हणून त्या गाडीवर चिडलेला माणूस मला आठवत नाही. चिडायला वेगळी ठिकाणं होती.

आमचा मोबदला आला तेव्हा त्यात दुसरीकडे गेलेल्या शेतीच्या निम्मीही मिळेना. कोणत्या कचेरीनं दर ठरवला ते लिहून आता काय साधणार? 372 कोटींचा अंदाज असलेल्या धरणाचा खर्च हजारो कोटींवर गेला. तो वाढवताना मात्र सातबारा कोणाला हातानं सरळ करावा लागला नाही.

लाइनचं मरणही असंच सावकाश झालं. नागपुरात मोतीबागेत 2002 मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं, तेव्हा बाहेर हीच गाडी माणसं भरून धावत होती. 2015 मध्ये तशीच अडीच फुटी छिंदवाड्याची लाइन बंद झाली, नोव्हेंबर 2019 मध्ये नागभीडची. दोन्ही रुंदीकरणासाठी. इतवारीच्या पाटीवर आता नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव चढलं आहे. रुंद रुळांना माझा विरोध नाही. अडीच फुटी रुळांवर गहिवरणारे बहुधा मोटारीनं प्रवास करणारे असतात. रोज ये-जा करणाऱ्याला घरी लवकर पोचायचं असतं.

माझं मागणं वेळापत्रक लिहिणाऱ्यांकडे आहे. या रुळांवरून लांबच्या गाड्या आणि कोळसा खुशाल न्या. पण कचेऱ्या उघडायच्या आत इतवारीला पोचणारी एक साधी पॅसेंजर आणि दिवेलागणीला परत निघणारी एक, एवढ्या दोन ठेवा. त्या पवनी रोडला थांबल्या पाहिजेत. गोसीच्या प्रकल्पग्रस्तांच्या तारखा अजून संपलेल्या नाहीत.