घरांतल्या समुद्राचें पाणी

ज्यांच्या घरीं प्रवाळांची टाकी आहे त्यांना येणारेजाणारे लोक दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला, ‘याला खर्च किती येतो?’ आणि दुसरा, ‘पाणी किती दिवसांनीं बदलतां?’ पहिल्याचें खरें उत्तर घरच्या मंडळींसमोर देणें शहाणपणाचें नसतें, म्हणून तो आम्ही सोडून देतों. दुसऱ्याचें उत्तर मात्र आम्हांस देतां यावयास हवें. गेलीं अकरा वर्षें आमच्या दिवाणखान्यांत चारशे लिटरांची अशी एक टाकी आहे, आणि अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत आम्ही राहतों तें गांव समुद्रापासून मोटारीनें सात-आठ तासांच्या वाटेवर आहे. तेव्हां आमच्या टाकींत समुद्राचें पाणी म्हणून जें कांहीं आहे तें आम्हींच नळाचें पाणी गाळून व त्यांत मीठ कालवून केलेलें. ‘आठवड्यांतून एकदां, दहावा हिस्सा’ हें उत्तर आमच्या तोंडीं तयार असतें. तें खोटें नाहीं. परंतु विचारणाऱ्यास त्यावरून जें समजतें तें बहुधा चुकीचें असतें.

त्याला असें वाटतें कीं, पाणी मळतें म्हणून बदलावयाचें. देव्हाऱ्यांतील तांब्याचें पाणी रोज सकाळीं बदलावें, तसाच हा एक शुचितेचा प्रकार आहे. वस्तुतः प्रवाळांच्या टाकींतील पाणी डोळ्यांना कधींच मळलेलें दिसत नाहीं. तें जेव्हां अगदीं बिघडलेलें असतें तेव्हांही स्फटिकासारखें स्वच्छ असूं शकतें. त्यांत काय वाढलें आणि काय सरलें हें मोजल्यावांचून कळत नाहीं, आणि सर्वच गोष्टी घरीं मोजतांही येत नाहींत.

पुढें जाण्यापूर्वीं भारतांतील वाचकांसाठीं एक गोष्ट सांगून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. तिकडे २००१ सालीं सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ते वाघाच्या पंक्तीस बसले. तेव्हां हा लेख वाचून कोणीं मालवणच्या खडकावरून एखादा तुकडा उचलून आणूं नये. आमच्या टाकींतील प्रवाळ हे दुसऱ्या हौशी मंडळींच्या घरीं वाढलेल्या प्रवाळांचीं कलमें आहेत. गुलाबाची फांदी लावावी त्याप्रमाणें प्रवाळाचा बोटभर तुकडा दगडाला चिकटवला कीं तो रुजतो.

पाणी घालणें आणि पाणी बदलणें या दोन अगदीं निराळ्या क्रिया आहेत, आणि नवशिक्याची पहिली फसगत येथेंच होते. टाकींतून रोज पाणी उडून जातें; हिवाळ्यांत घरें तापविलीं कीं आमच्याकडे दिवसाला पांच-सहा लिटर सहज उडतें. उडतें तें केवळ पाणी. मीठ मागेंच राहतें. म्हणून उडालेल्याच्या जागीं गोडेंच पाणी घालावयाचें असतें. तेथें खारें घालीत गेलें, तर लिटरमागें ३५ ग्रॅमांच्या आसपास असावयाचें मीठ हळूहळू चाळिशीवर जातें. हें गोडें पाणी घालणें रोजचें काम आहे, आणि त्यानें पाणी ‘बदललें’ असें मुळींच होत नाहीं. भांड्यांतील आमटी आटली म्हणून त्यांत पाणी घातल्यानें आमटी नवी होत नाहीं, तसेंच हें.

मग बदलावयाचें तें कां? या प्रश्नाशीं झगडलेली पहिली व्यक्ति, आम्हांस जेवढें वाचावयास मिळालें त्यावरून, एक गृहिणी होती. लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें अधिकारावर असलेल्या एका धर्मोपदेशकाची ही पत्नी, ॲना थिन. १८४६ सालीं ती टॉर्कीच्या समुद्रकांठीं गेली असतां तिनें कांहीं जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते लंडनला घरीं आणले. आरंभीं ती एक दिवसाआड पाणी बदलीत असे, आणि त्यासाठीं किनाऱ्यावरून समुद्राचें पाणी मागवीत असे. पाण्याचा पुरवठा अपुरा पडूं लागला तेव्हां तिनें निराळी युक्ति काढली. घरांतील मोलकरणीनें उघड्या खिडकीपाशीं उभें राहून अर्धा-पाऊण तास तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत राहावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळून तें पुन्हां उपयोगी पडे. पुढें १८४७ मध्यें तिनें भांड्यांत जिवंत समुद्रशैवाल घातलें. तिचे प्रवाळ जगले, त्यांची संख्या वाढली, आणि त्यांवरील तिचा निबंध १८५९ सालीं प्रसिद्ध झाला. इतिहासांत नांव ॲनाबाईंचें राहिलें हें योग्यच. परंतु त्या मोलकरणीचे दुखरे हात आम्हांस पंप सुरू करतांना नेहमीं आठवतात.

१८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें गोड्या पाण्याच्या भांड्यांत मासे, पाणवनस्पति व गोगलगायी यांचा मेळ घालून दाखविलें कीं, योग्य जुळणी झाली तर पाणी न बदलतांही जीव सुखानें राहतात. तेव्हांपासून ‘पाणी कधींच बदलावें लागूं नये’ हें या छंदांतील लोकांचें एक गोड स्वप्न होऊन बसलें आहे. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील जिवंत खडक टाकींत ठेवून व केवळ हवेचे बुडबुडे सोडून प्रवाळ जगविल्याचें लिहिलें. १९८० नंतरच्या दशकांत झां झोबेर यांनीं मोनाकोच्या पद्धतीनें वाळूच्या जाड थराखालीं मोकळें पाणी राखून, प्राणवायू कमी असलेल्या त्या थरांतील जंतूंकडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करवून घेतला. ह्या सर्वांचें ऋण आमच्या टाकीवर आहेच. माशांच्या विष्ठेंतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया होतो, एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात, आणि खडकांच्या पोटांतील तिसरे त्यांतील कांहीं भाग वायूच्या रूपानें बाहेर घालवितात. हें काम विनावेतन रात्रंदिवस चालूं असतें. परंतु ‘कांहीं भाग’ आणि ‘सर्व’ यांत जें अंतर आहे तेंच आमच्या रविवारच्या सकाळीं बादलीच्या रूपानें उभें राहतें.

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. समजा, एका टाकींत दर आठवड्यास लिटरमागें १ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतें. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें तर तें वाढत वाढत शेवटीं १० वर जाऊन थांबतें. बदलल्यावर ९ होतें, आठवड्याच्या अखेरीस पुन्हां १०. दहावाच हिस्सा, पण महिन्यांतून एकदां बदलला, तर तेंच ४० पर्यंत चढतें. आणि कोणीं म्हणेल कीं महिन्याकाठीं एकदांच चाळीस टक्के बदलूं, म्हणजे पाणी तेवढेंच लागेल आणि तीन रविवार मोकळे मिळतील. तर तेंही १० च्या वर जात नाहीं, मात्र एका तासांत १० वरून ६ वर आपटतें. सरासरीपुरतें पाहिलें तर हा शेवटचा मार्ग कांकणभर सरसच ठरेल. पण प्रवाळ सरासरींत जगत नाहीं, तो त्या एका तासांतही जगत असतो.

हें आम्ही पुस्तकावरून लिहीत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस कामानिमित्त सात महिने परगांवीं राहावें लागलें. फेस काढणारें यंत्र, दिवे, पंप सर्व चालूं होते. घरच्या मंडळींनीं गोडें पाणीही न चुकतां घातलें. बदलणें तेवढें कोणासच जमण्यासारखें नव्हतें. ते परत आले तेव्हां नायट्रेट ८० च्या घरांत होतें, क्षारता सहा जर्मन अंशांवर उतरली होती, प्रवाळांचा रंग तपकिरी झाला होता. पण ते सर्व जिवंत होते. एका दुकानदारानें त्यांना सल्ला दिला कीं, आजच्या आज चार-पंचमांश पाणी काढून टाका. नव्या मिठाच्या पाण्याची क्षारता अकरा होती. दुसऱ्या दिवशीं फांद्यांच्या प्रवाळांची कातडी बुडापासून सुटूं लागली, आणि चौथ्या दिवशीं पांढऱ्या सांगाड्यांपलीकडे कांहीं उरलें नाहीं. सात महिने वाईट पाण्यांत तगलेले जीव चार दिवसांत चांगल्या पाण्यानें गेले. त्यांच्या धाकट्या मुलीनें प्रत्येक प्रवाळाला नांव ठेविलेलें होतें. ते सांगाडे तिनें चपलांच्या एका खोक्यांत भरून ठेविलेले आम्हीं पाहिले आहेत.

आतां उलट बाजू. पाणी बदलण्यावर लोकांची श्रद्धा जेथें नको तेथें अधिक असते. दगडी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यांतील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन बांधतात. समुद्रांत लिटरमागें सुमारें ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें आणि क्षारता सातएक अंश. भरपूर वाढलेल्या टाकींत दिवसाला एक अंश क्षारता सहज खर्च होते. सातावर आलेल्या टाकींत आठ अंशांचें नवें पाणी दहावा हिस्सा घातलें, तर टाकी होते ७.१! म्हणजे आठवड्याच्या सात अंशांच्या भुकेला हा एक-दशांश अंशाचा घांस. म्हणून कॅल्शियम क्लोराइड व खाण्याचा सोडा यांचीं दोन निरनिराळीं द्रावणें रोज थेंबाथेंबानें घालावीं लागतात, आणि तें काम आमच्याकडे एक लहानसा पंप करतो.

परंतु गंमत अशी कीं, ह्या औषधामुळेंच पाणी बदलणें पुन्हां अपरिहार्य होतें. कॅल्शियम क्लोराइडमधील कॅल्शियम प्रवाळ नेतो, सोड्यांतील कार्बोनेटही तोच नेतो. मागें राहतात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलें स्वयंपाकघरांतलें मीठ. महिन्यांमागून महिने तें साचत जातें. खारेपणा मोजून तो आपण गोड्या पाण्यानें बरोबर राखला, तरी त्यांतील मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट यांचें प्रमाण मागें पडत जातें. मोजणारें यंत्र म्हणतें ‘समुद्र आहे’, आणि पाणी मात्र हळूहळू मिठाच्या बरणीकडे झुकत असतें. ‘अमुक यंत्र घ्या आणि पाणी बदलणें कायमचें विसरा’ असें छातीठोकपणें सांगणारांविषयीं आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्यांच्याजवळ प्रयोगशाळेंतून पाण्याचें पृथक्करण वरचेवर करून घेण्याची तयारी आहे आणि जें कमी असेल तें मोजून घालण्याची शिस्त आहे, त्यांच्या टाक्या न बदलल्या पाण्यावरही उत्तम चालतात. आम्हीं त्या पाहिल्या आहेत. पण तो मार्ग आळशाचा नसून आमच्यापेक्षां उद्योगी मनुष्याचा आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आत्याबाई आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांचें माहेर गुहागरचें. समुद्र त्यांना परका नाहीं. दोन रविवार त्यांनीं आमची बादल्या-नळ्यांची धांवपळ मुकाट्यानें पाहिली. मीठ आदल्या दिवशीं कालवून ठेवणें, तें रात्रभर घुसळत राहणें, टाकीइतकेंच ऊन करणें, हा सर्व खटाटोप झाल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, समुद्राचें पाणी मग कोण बदलतो?”

आम्हीं त्यांना सांगितलें कीं, खडकावरच्या प्रवाळापुढून भरती-ओहोटीबरोबर रोज नवें पाणी जात असतें. त्यानें टाकलेली घाण अथांग पाण्यांत विरते, आणि त्यानें घेतलेलें कॅल्शियम त्या सांठ्याला जाणवतही नाहीं. आमच्या चारशे लिटरांत सात मासे व चाळीसएक प्रवाळ आहेत. एवढी दाटी प्रवाहाशिवाय समुद्रालाही सोसली नसती. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे त्याचें मोठेपणावर निभावतें.” आम्ही होय म्हणालों, पण तें अर्धेंच खरें होतें. २०२३ मध्यें सुरू झालेल्या जागतिक उष्म्याच्या लाटेंत निरनिराळ्या महासागरांतील प्रवाळ पांढरे पडले. २०२४ च्या उन्हाळ्यांत लक्षद्वीपचेही पडले. नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली कीं, प्रवाळ आपल्या देहांत राहणारें व आपणांस अन्न पुरविणारें शैवाल बाहेर टाकतो. आमच्या टाकींत उष्णता वाढली तर एक पंखा आपोआप सुरू होतो. हें आत्याबाईंना सांगावें असें आम्हांस तेव्हां वाटलें नाहीं. त्या गुहागरच्या गोष्टी सांगूं लागल्या होत्या.

येत्या मार्गशीर्षांत पुतण्याच्या मुंजीसाठीं आम्हांस सहा आठवडे पुण्यास जावयाचें आहे. शेजारच्या मराठी कुटुंबांतील सोळा वर्षांची मुलगी टाकी पाहण्यास तयार झाली आहे, आणि तिची तालीम सध्यां चालूं आहे. माशांचें अन्न आम्हीं आतांपासूनच थोडें कमी केलें आहे. आंत जाईल कमी तर साचेलही कमी. चाळीस लिटरांस दीड किलोच्या आसपास मीठ लागतें, त्याच्या वजन केलेल्या सहा पुड्या बांधून ठेविल्या आहेत. द्रावणांचा पंप बिघडला तर तो बंद करून आम्हांस कळवावयाचें, आपण होऊन कांहीं ओतावयाचें नाहीं, हें कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे. परवां तिनें विचारलें, “काका, परीक्षेच्या गडबडींत माझा एखादा रविवार चुकला, तर पुढच्या वेळीं दोन पुड्यांचें पाणी घालूं का?” आम्हीं तिला सांगितलें कीं, चुकला तर चुकूं दे, पुढच्या रविवारीं एकच पुडी फोड, आणि उरलेली तशीच ठेव.