देठापासून सुटताना

मोह गळतो पहाटे, आणि वेगाच्या छायाचित्रणाला हवा भरपूर उजेड. धानोरा तालुक्यातल्या एका खाली झुकलेल्या फांदीपाशी माझे कितीतरी चैत या पेचात गेले.

हवेतलं फूल कुणीही टिपेल. मला हवी आहे ती सुटण्याची फ्रेम: रसरशीत पाकळ्या तपकिरी निदलपुंजातून निसटतात आणि मागं स्त्रीकेसराची काडी तेवढी उरते, तो क्षण. सुटल्यावर सेकंदाच्या तिसाव्या भागात फूल जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे अडचण वेगाची नाहीच. डोळ्यानं पाहून बोटानं दाबेपर्यंत पाव सेकंद जातो, तोवर फूल फूटभर खाली. एजर्टननं १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला, पण थेंब कधी सोडायचा हे त्याच्या हाती होतं. मोह कुणाचं ऐकतो?

म्हणून २००९ सालचा खिशात मावणारा कॅसिओ एक्सिलिम एफसी-१०० मी अजून जपतो. सेकंदाला ३० फ्रेमा, आणि बटण अर्धं दाबून धरलं की सरलेल्या क्षणाच्या फ्रेमाही हाती लागतात. कॅसिओनं २०१८ साली कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, याचं मला खरंच दुःख आहे. बारका सेन्सर पहाटे दाणेदार चित्र देतो, देऊ दे. फ्लॅशनं फुलाचा ओलावा मरतो.

ताडोबात सफारीला वाघ दिसला की सेकंदाला वीस फ्रेमा झाडणाऱ्यांना छायाचित्रकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाघाचा माग काढलेला असतो गाइडनं आणि जिप्सीवाल्यानं.

आता साठीनंतर बोट थरथरतं. अर्धं दाबलेलं बटण नको तेव्हा पूर्ण दाबलं जातं. यंदा कॅमेरा माझ्या विद्यार्थिनीच्या हाती दिला. लहानपणापासून मोह वेचणारी पोर. म्हणाली, "सर, फांदी नोका पाहू, झुपका पाहा. फुगून फिकं पडलं ते आधी सुटते."

तिला ती फ्रेम मिळाली. फूल तिरकं झालेलं, एका कडेनं अजून टेकलेलं, मधल्या फटीतून काडी दिसते आहे. इतक्या वर्षांत हे चित्र माझ्या नावावर असावं एवढीच माझी हाव होती. प्रदर्शनासाठी त्याखाली तिचं नाव लिहिलं, पण मन अजून मानत नाही. पुढच्या चैतात कॅमेरा स्टँडवर चढवून बटण मीच धरणार आहे. झुपका तिनं निवडायचा.