मुलाला कुणी विचारलं का?

रविवारी रात्री आमच्या घरी सिएटलहून फोन येतो. इथे साडेआठ वाजलेले असतात, तिथे सकाळचे आठ. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. अब्बा जेवण आटोपून फोनसमोर बसतात, नातवाशी बोलतात आणि मग मोबाईल माझ्याकडे देतात.

मागच्या जूनमधल्या अशाच एका रविवारी भाऊ म्हणाला, "आपा, तू दरवर्षी शाळेची सहल नेतेस. मला एक सांग. आम्ही ऑगस्टमध्ये जहाजाने अलास्काला चाललोय. पोराला काय काय दाखवू?"

मला हसू आलं. माझ्या सहली म्हणजे नागझिरा, रामटेक, फार तर नागपूर. अलास्का मी फक्त भूगोलाच्या नकाशात पाहिलेला. पण त्याने यादी पाठवली आणि ती वाचताना लक्षात आलं की प्रश्न ओळखीचाच आहे.

सिएटलहून सुटणारं हे जहाज सात रात्रींत अलास्काच्या बंदरांना लागून परत येतं. खाणं, झोपणं जहाजाच्या तिकिटातच. पण केचिकन, जुनो, स्कॅगवे अशा एकेका बंदरावर जहाज काही तास थांबतं. त्या तासांत काय बघायचं याची वेगळी यादी असते, आणि पैसेही वेगळे. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून कुत्र्यांच्या गाडीत बसा, बोटीतून व्हेल बघा, डोंगरातल्या रेल्वेत बसा, लाकूडतोड्यांचे खेळ बघा. भावाने तीन बंदरांसाठी सात सहली निवडल्या होत्या. नुसत्या हेलिकॉप्टरचेच माणशी पाचशे डॉलरच्या वर. तिघांचे मिळून लाखाच्या पुढे रुपये!

भावजयीचं म्हणणं अगदी उलट होतं. भाचा नऊ वर्षांचा. त्याला दमा आहे. थंड हवेत धावला की छाती वाजायला लागते. ती म्हणाली, "आपा, त्याला खाली उतरवूच नये. जहाजावर गरम पाण्याचा तलाव आहे, खेळू दे तिथे." म्हणजे बापाला सगळं दाखवायचं होतं आणि आईला काहीच नको होतं. निकाल द्यायला मी.

मी अनुभवी मास्तरीणबाईच्या थाटात सुरू केलं. एका वर्षी पाचवीची मुलं नागझिऱ्याला नेली होती. पहाटे चारला उठवून पिटेझरी गेटवर हजर केली. वाघासाठी तीन तास जिप्सीत गप्प बसायचं. पहिला अर्धा तास डोळे मोठे करून बसली, नंतर निम्मी एकमेकांच्या खांद्यावर झोपली. सहलीवर निबंध लिहायला दिला तेव्हा बहुतेकांनी माकडाने पळवलेल्या डब्याबद्दल लिहिलं. म्हणून भावाला म्हटलं, मुलाच्या धीराचं माप घे. किती वेळ बसून राहावं लागेल, लघवीची सोय आहे का, थंडी वाजली तर आत जाता येतं का, कंटाळला तर परत फिरता येतं का, हे आधी विचार. हेलिकॉप्टरमधून हिमनदीवर उतरल्यावर "अम्मी, घरी चल" म्हणाला तर काय करशील? शिवाय हवा बिघडली की ती उड्डाणं रद्दही होतात.

माझं भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात शेजारी पुस्तक उघडून बसलेला माझा मुलगा म्हणाला, "अम्मी, त्याला कुणी विचारलं का?"

तो आता अकरावीत आहे. मी म्हटलं, विचारू की. तो म्हणाला, "मला नव्हतं विचारलं. गुलमर्गला."

आमच्या घरात गुलमर्गची गोष्ट मीच सांगते आणि दरवेळी हसवून सांगते. नऊ वर्षांपूर्वी, मुलगा आठ वर्षांचा असताना, आम्ही पैसे साठवून काश्मीरला गेलो. गुलमर्गच्या गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवतच्या बाजूला, जवळजवळ चार हजार मीटरवर. पहिल्या टप्प्यावरच त्याचे मोजे भिजले होते. डोकं दुखतंय म्हणत होता. मी म्हटलं, तिकीट काढलंय, आता वर जायचंच. वर त्याने उलटी केली, रडला, आणि त्या रडक्या चेहऱ्याचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. "बघा आमचे बहादूर" म्हणून तो मी पाहुण्यांना दाखवते.

त्या रात्री पहिल्यांदा तो म्हणाला, "मला वाटलं होतं मी तिथेच मरणार." आवाज चढवला नाही. मी विचारलं, तू काय केलं असतंस? म्हणाला, "खालीच बर्फात खेळलो असतो."

मला उत्तर सुचलं नाही. समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर राहणारं आमच्याकडचं मूल एका दिवसात चार हजार मीटरवर नेलं तर डोकं दुखणार, मळमळणार, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त तिकिटाची किंमत कळत होती. आणि कबूल करायला लाज वाटते, पण ते तिकीट मुलासाठी नव्हतंच. लाखनीला परत येऊन सांगता यावं म्हणून होतं.

भाऊ फोनवर सगळं ऐकत होता. त्याने भाच्याला हाक मारली.

"फुप्पी," भाचा म्हणाला, "मुझे ट्रेन चाहिये. दादाजान की छोटी ट्रेन जैसी."

अब्बा खुर्चीत सरसावून बसले. त्यांच्या जवानीत गोंदियाहून बालाघाटकडे अडीच फूट रुंदीची छोटी लाईन होती. तिच्या गोष्टी ते नातवाला फोनवर सांगतात. स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वेही छोटीच, तीन फूट रुंदीची. क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्यावर हजारो माणसं त्या डोंगरात शिरली, म्हणून 1898 ते 1900 या काळात ती बांधली. साधारण 32 किलोमीटरमध्ये गाडी 870 मीटरच्या वर चढते. डबा उबदार, बसायला बाक, शौचालय. दम्याच्या पोराने यापेक्षा शहाणी निवड काय करायची! आम्ही मोठ्यांनी मात्र ती यादीत पाचव्या क्रमांकावर ठेवली होती.

मग ठरलं, एका बंदरावर एकच गोष्ट, आणि एकेकाने एकेक बंदर निवडायचं. स्कॅगवे भाच्याचं. जुनो बापाचं, पण हेलिकॉप्टर सोडून. त्याने व्हेलची बोट घेतली, बंद केबिन असलेली. केचिकन भावजयीचं. तिने काहीच घेतलं नाही. पायी फिरू, पाऊस वाढला की जहाजावर परत, म्हणाली. पाऊस येणारच होता. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या भंडाऱ्यात तेराशेच्या आसपास.

अब्बांना एक शंका होती. केचिकनला कोरलेले उंच लाकडी खांब आहेत, टोटेम पोल. "ते बुत आहेत का? पोराला तिथे न्यावं का?" मीही वाचून पाहिलं. ते पूजेचे नाहीत. तिथल्या आदिवासींच्या कुळांची हकीकत, पूर्वजांची आठवण त्यावर कोरलेली असते. त्यांना मूर्ती समजण्याची चूक पूर्वी तिथल्या मिशनऱ्यांनीही केली होती. अब्बा म्हणाले, "मग शजराच झाला की. बघू दे."

बाकी तयारी डॉक्टरांना विचारून केली. आपल्याकडे दम्याच्या पंपाचं नाव काढलं की लोक म्हणतात, सवय लागेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा पंप आई दप्तरातून काढून ठेवायची, लोक बघतील म्हणून. भावजयीने पंप जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला, कारण गारठल्यावर तो नीट चालत नाही. नाकातोंडावर मफलर, म्हणजे हवा कोमट होऊन आत जाते. अंगाला सुती बनियन नको, ते भिजलं की गारवा धरून ठेवतं. ऑगस्टमध्ये तिथे बर्फ पडत नाही, आपल्या डिसेंबरच्या सकाळइतकी थंडी असते. पण बोटीवर वारा आणि पाऊस एकत्र आले की तीच थंडी हाडात शिरते. आणखी एक: जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतली आणि उशीर झाला तर ते निघून जातं. लहान मूल बरोबर असेल तर तो फरक पैशाइतकाच मोजावा.

ऑगस्ट संपताना भाच्याचा फोन आला. गाडीत जाताना तो खिडकीला चिकटून होता, येताना झोपला. त्या खिंडीत रेल्वेच्या आधी सामान वाहताना सुमारे तीन हजार घोडे मेले, हे ऐकून त्याने बापाला विचारलं, "त्यांना कोणी पाणी दिलं नाही का?" व्हेलची शेपटी दोनदा दिसली. मधल्या वेळात तो केबिनमध्ये खेळत बसला, बाप बाहेर भिजत उभा. पंप एकदाच लागला.

पण तो सर्वांत जास्त बोलला ते केचिकनच्या ओढ्याबद्दल. समुद्रातून परतलेले सालमन मासे तिथे अंडी घालायला उलट्या धारेने वर चढत होते. पावसात तासभर तो कठड्याला धरून उभा राहिला. एक मासा पुन्हा पुन्हा मागे पडत होता. अंडी घातली की ते मरतात, हे कळल्यावर त्याने आईचा हात धरला. हे कुणीच निवडलं नव्हतं, पैसेही पडले नव्हते. तिथे थांबायला त्यांच्याकडे वेळ होता, कारण पुढे कुठे पोहोचायचं नव्हतं.

अल्बममधला गुलमर्गचा तो फोटो मी काढून ठेवलाय. मुलाला माफी मागितली का, असं विचाराल तर नाही. आमच्या घरांत आया मुलांची माफी मागत नाहीत. त्या दिवशी त्याच्या आवडीची खिचडी-कढी केली. तो समजला असावा.

यंदा डिसेंबरच्या सहलीआधी मी पाचवीच्या मुलांना चिठ्ठ्या दिल्या. सहलीत तुम्हाला काय हवं, एकच लिहा. वाघ फक्त चौघांनी मागितला. एका मुलीने लिहिलं होतं, "बसमध्ये खिडकीजवळची जागा, जाताना आणि येतानापण." मागच्या दोन्ही सहलींत ती मधल्या सीटवर होती, हे मला तेव्हा आठवलं.

जागा दिली. जाताना आणि येतानापण.