टॅन, एटॅन आणि काठीची सावली

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तेव्हा टॅनला ‘स्पर्शज्या’ म्हणत, आणि ‘लम्ब बटा आधार’ एवढे पाठ असले की पेपर निघून जाई. घरी मराठी, पुस्तकात हिंदी, आणि आता आमच्या मुलांसमोर सी भाषा! बहुतेक शाळांत पायथॉन आले असले तरी आम्ही सी अजून सोडलेली नाही.

यंदा मार्चमधील विषुवदिनी अकरावीच्या मुलांना मैदानात नेले. एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी केली. इंदूरचा मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, त्या दिवसांत साडेबारा उलटून जातात. म्हणून सव्वाबारापासूनच खडूने खुणा केल्या. सर्वांत आखूड सावली 42 सेंटिमीटर भरली. विषुवदिनी मध्यान्हीच्या सावलीला काठीच्या उंचीने भागले की गावाच्या अक्षांशाचा टॅन मिळतो. त्यावरून कोन काढायचा तर एटॅन हवे.

मुले लॅबमध्ये धावली. एटॅनच्या कंसात 42 भागिले 100 लिहिले. उत्तर शून्य! म्हणजे आमची शाळा थेट विषुववृत्तावर. सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो, अपूर्णांकाचा भाग गळून पडतो. 42.0 लिहिल्यावर उत्तर आले 0.3976. तेही अंशांत नव्हे, रेडियनमध्ये. 180 ने गुणून पायने भागल्यावर 22.78 अंश मिळाले. नकाशात इंदूर सुमारे 22.72 वर आहे. बांबूच्या काठीकडून याहून जास्त काय मागायचे?

पण आम्हाला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एका मुलाने आधीच्या तासाला टॅनमध्ये 45 घालून आलेले 1.62 वहीत निमूट उतरवले होते. टॅन 45 अंश म्हणजे 1, हे त्याला दहावीपासून तोंडपाठ! तरी पडद्यावर आले म्हणून ते खरे. शून्य आले तेव्हा मात्र एका मुलीने विचारले, “सर, अक्षांश शून्य असेल तर आज सावली पडलीच कशी?” तिला सी फारशी येत नाही, पण सावली तिने स्वतः मोजली होती.

एटॅनची आणखी एक अडचण आहे. ऋण भागिले ऋण धनच होते, त्यामुळे नैर्ऋत्येची दिशा त्याला ईशान्येची वाटते. यासाठी एटॅन2 हे वेगळे फंक्शन आहे. ते दोन्ही संख्या निरनिराळ्या घेते. शून्याने भागण्याचे संकटही टळते. पाय हवा असेल तर चार गुणिले एटॅन 1. याच कोनाची श्रेणी केरळच्या माधवाने चौदाव्या शतकाच्या सुमारास मांडली होती, हे मुलांना ऐकून फार गंमत वाटली.

सप्टेंबरच्या विषुवदिनी, आभाळ मोकळे असल्यास, उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्राजवळ हाच प्रयोग करू. तेथील सावली किंचित लांब पडायला हवी. किती, ते मुलांनी आधीच काढून आणावे. पालकांनीही जरूर यावे, येताना मोजपट्टी आणावी.