जामकाठची माणसे कर्लीच्या मुखाशी

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर आमचे सावरगाव. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा अद्याप पुष्कळांच्या ध्यानात नसेल. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे होणारी गोटमार मात्र दूरदूर ठाऊक आहे. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवायचे, सावरगावकरांनी ते राखायचे, पांढुर्णेकरांनी ते तोडून न्यायचे, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव! नदी ओलांडताना मध्येच सापडलेल्या एका प्रेमी युगुलाची आख्यायिका यामागे सांगतात. गोटमारीच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच की, आमच्या मनात नदी म्हणजे दोन गावांमधील सीमा. तिच्यात क्रीडा करावी, तिच्यावर नाव घालावी, असे येथे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि उन्हाळ्यात तर क्रीडेजोगे पाणीही तीत उरत नाही.

पोहणे, किंवा आमच्याकडील शब्दात पवणे, शिकण्याचे स्थान पूर्वी निराळे होते. संत्र्याच्या बागेतील विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा अथवा रिकामा डबा बांधून वडील माणसाने पोरास सोडावे आणि त्याने हातपाय मारावेत, हीच आमची तरणशाळा. पुढे बागांना खोल बोअरचे पाणी आले, विहिरी आटल्या, आणि ही शाळा बंद पडली. आज आमच्या विद्यालयातील शेकडो मुलांत पाण्यावर तरंगू शकणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अशा मुलांची सहल कोकणच्या समुद्रावर न्यावी की नेऊ नये, हा प्रश्न जेव्हा पालकसभेत निघाला तेव्हा सभा एकदम गंभीर झाली. एका आजोबांनी विचारले, "गुरुजी, पाणी पाहायले नेता का पाण्यात न्यायले?" या प्रश्नाचे उत्तर घरी बसून देण्याजोगे नव्हते. म्हणून गेल्या हिवाळ्यात दोन सहकारी शिक्षकांसह आम्ही मालवण, तारकर्ली व देवबाग येथे चार दिवस पाहणीस गेलो. वाचकांपैकी अनेक कुटुंबे आमच्यासारखीच समुद्रापासून दूर, इंदूर, जबलपूर, रायपूरकडे नांदणारी असतील. त्यांसही या पाहणीचा उपयोग व्हावा.

भूगोल प्रथम सांगतो. आमच्या जामचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेस, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि ते सारे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरास जाते. कर्ली नदीचे तसे नाही. सह्याद्रीत उगम पावून ती थोडक्यातच पश्चिम समुद्र गाठते. मात्र समुद्राजवळ येताच तिला जणू घाई नकोशी होते. किनाऱ्यास समांतर वळून ती काही अंतर चालते, आणि तिच्या व समुद्राच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरते. तीच देवबाग. या पट्टीवर उभे राहिले असता एका बाजूस माडांतून शांत, हिरवी नदी दिसते आणि दुसऱ्या बाजूस गर्जणारा सागर. दोहोंचे पाणी पट्टीच्या टोकाशी एक होते. हाच संगम. प्रवासी मंडळींचे सारे जलविहार या एवढ्या टापूत चालतात: नदीत वल्ह्यांच्या छोट्या होड्या, संगमावरील वाळूच्या बेटावर, ज्यास आता सर्वजण त्सुनामी बेट म्हणतात, यंत्रावरच्या धावत्या नौका, सकाळी डॉल्फिन पाहण्यास समुद्रात जाणाऱ्या बोटी, आणि मालवणास सिंधुदुर्गाभोवतालच्या पाण्यात बुडी.

यांपैकी यंत्राच्या धावत्या नौकांविषयी आम्हांस फारसे लिहावेसे वाटत नाही. पाच मिनिटे कानठळ्या, अंगावर फवारा आणि पैसे संपले. ज्यांना ते आवडते त्यांनी खुशाल करावे. नदीतील वल्ह्याची होडी मात्र कोणीही चुकवू नये. कांदळवनाच्या मुळांमधून होडी जाते तेव्हा पाण्याचा आवाजसुद्धा होत नाही, आणि ज्यास पोहता येत नाही अशा माणसाची पाण्याशी पहिली ओळख व्हावी तर ती अशीच, भरती थांबलेल्या वेळी, जीवरक्षक जाकीट अंगात घालून.

तारकर्लीच्या वाळूवर दुसऱ्या दिवशी पहाटे रापण पाहिली. हा खेळ नव्हे, पोटाचा उद्योग आहे. परंतु आमच्या चार दिवसांतील सर्वांत मोठा आनंद आम्हांस त्यानेच दिला. दोराचे एक टोक काठावर ठेवून होडी समुद्रात अर्धचंद्राकार फिरते, जाळे सोडीत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर काठास लावते. मग दोन्ही दोरांवर स्त्रीपुरुषांच्या रांगा लागतात आणि पावलापावलाने मागे सरत जाळे ओढले जाते. जसजसे जाळे जवळ येते तसतशा दोन्ही रांगा एकमेकींच्या निकट येतात. वर्षातून एकदा दोन काठांवर उभे राहून दगड भिरकावणाऱ्या आम्हा लोकांस ते दृश्य काहीसे अंतर्मुख करणारे वाटले. तेथील एका वृद्ध तांडेलांनी आम्हांसही दोर धरू दिला. आम्ही जोर लावून ओढू लागताच ते हसून म्हणाले, "गुरुजी, पाण्याक घाई चलणा नाय." ओढणे लाटेच्या चालीने हवे, लाट आत येते तेव्हा ओढायचे आणि परतते तेव्हा नुसते धरून उभे राहायचे. तास-दीड तासांनी बांगडे व तारल्या वाळूवर चमकू लागल्या. मासळीचे वाटे झाले. दोर ओढणाऱ्या प्रत्येकास वाटा असतो. अलीकडे मोठ्या पर्ससीन बोटींमुळे रापणीस मासा कमी लागतो, ही तांडेलांची तक्रार किनाऱ्यावर सर्वत्र ऐकू येते.

तांडेलांकडूनच भरतीचा हिशेब कळला, तो मुद्दाम देतो. तिथीचा आकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता त्या दिवशी भरती पुरी होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे, ठिकाणपरत्वे अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतोच. परंतु कारण शास्त्रशुद्ध आहे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच रोज पुढे सरकते. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पंचांग आपल्या घरोघरी असते. पण मुहूर्ताखेरीज त्याचा असाही उपयोग आहे हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

हा हिशेब नुसता कौतुकाचा नव्हे. संगमावर ओहोटी लागली की नदीत चढलेले सारे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायांखालची वाळू निघून जाते. सरळ किनाऱ्यावरसुद्धा लाटांनी वर चढलेले पाणी परत जाताना कोठेतरी एका चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्रात शिरते. पाण्यास ओढ आहे, असे म्हणतात ते हेच. फसवी गोष्ट अशी की त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसास तीच जागा शांत वाटते व तो तेथेच उतरतो. ओढ लागली तर काठाकडे सरळ झुंजू नये; चांगला पोहणाराही दमून जातो. अंग सैल सोडून तरंगावे, जमल्यास काठाला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, मग वळावे. आणि बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी दुसऱ्याने तसेच आत धावू नये. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे.

तारकर्लीच्या वाटेवर मालवणलगत वायरीचा किनारा लागतो. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ विद्यार्थी तेथे बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील चौदा मुले गेली. दोन्ही सहली शिक्षकांसह गेलेल्या, दोन्ही गावे समुद्रापासून दूर. आम्ही तिघे शिक्षक वायरीस बराच वेळ नुसते उभे होतो. समुद्र अगदी सौम्य दिसत होता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीस बुडीहून परतणारी वीस प्रवाशांची बोट बुडाली व दोघे दगावले. तो तर पावसाळ्याच्या तोंडावरचा, समुद्र फिरण्याचा काळ. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत येथील जलविहार व किल्ल्याची होडीवाहतूक बंद ठेवतात, ती उगाच नव्हे. शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले; महाराष्ट्राच्या लांब किनाऱ्यावर तशी अखंड व्यवस्था अद्याप दिसत नाही, आणि पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ सालीच ज्याची घोषणा झाली त्या सिंधुदुर्गात तरी ती असावयास हवी होती, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता बुडीविषयी. आमच्यापैकी विज्ञानाचे तरुण शिक्षक उतरले. आम्ही वयामुळे व कानाच्या जुन्या दुखण्यामुळे होडीतच बसलो, कारण कान, दमा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी उतरू नये असा नियम आहे. दहा वर्षांखालील मुलांनाही घेत नाहीत. पोहता येणे आवश्यक नाही. प्रशिक्षित पाणबुड्या प्रवाशास सतत धरून असतो आणि खोली तीस-पस्तीस फुटांपलीकडे जात नाही. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो ही समजूत चुकीची. त्यात आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. नाक झाकलेले, श्वास तोंडाने. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणून कान दडपतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडली की ते मोकळे होतात. सर्वांत महत्त्वाचे, श्वास कधीही कोंडावयाचा नाही, कारण वर येताना छातीतील हवा फुगते व फुप्फुसास इजा होऊ शकते. पाण्याखाली बोलता येत नसल्याने खुणा ठरलेल्या असतात. आपण अंगठा वर करून छान म्हणतो. तेथे अंगठा वर म्हणजे मला वर न्या. ठीक आहे म्हणावयाचे तर अंगठा व तर्जनी जुळवून वाटोळे करायचे. आमच्या शिक्षकांनी खाली उत्साहाने अंगठा दाखविला आणि त्यांना तात्काळ वर आणण्यात आले! दुसऱ्या खेपेस मात्र त्यांनी प्रवाळ पाहिले, पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहिले, आणि सारे वस्तुमात्र मोठे व जवळ भासते हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा पाठ आता फळ्यावर शिकविणे अवघड जाईल असे ते म्हणाले.

हे प्रवाळांचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. छायाचित्रासाठी मासे गोळा व्हावेत म्हणून पाव चुरून टाकण्याची चाल तेथे पडली आहे, ती आम्हांस रुचली नाही. प्रवाळावर पाय ठेवू नये हे तरी प्रवाशांनी पाळावे.

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही. १६६४ साली शिवरायांनी पाया घातलेला तो जलदुर्ग प्रत्येक मराठी घरास माहीत आहे. एवढेच नोंदवितो की चहूकडे खारे पाणी असता आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे पाणी गोड आहे, आणि ते पिऊन आमच्या सोबतच्या मराठीच्या शिक्षिकाबाईंचे डोळे भरून आले. श्रावणात नारळी पौर्णिमेस मालवणचे लोक याच समुद्रास नारळ वाहतात. बरोबर पंधरवड्याने पोळा, आणि दुसऱ्या दिवशी आमची गोटमार.

परत आल्यावर पालकसभा पुन्हा भरली. सहल न्यावयाची असे ठरले. किल्ला, नदीतील होडी व रापण दाखवावयाची. होडीत चढण्यापूर्वी प्रत्येक जाकिटाचा पट्टा शिक्षकाने स्वतः आवळून पाहावयाचा, परवान्यात लिहिलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त असेल तर ती होडी सोडावयाची, आणि समुद्रात घोट्यापलीकडे कोणी जावयाचे नाही. बुडी ज्या त्या कुटुंबाने आपल्या जबाबदारीवर पुढे कधी करावी. ज्या आजोबांनी प्रश्न विचारला होता त्यांच्याच बागेतील विहिरीस अजून पाणी आहे. तेथे चैत्रापासून रविवारी सकाळी मुलांचे व मुलींचे वेगवेगळे गट पोहण्यास शिकत आहेत. भोपळे मिळाले नाहीत, डब्यांवर भागविले आहे.

ज्यांस या भागातून जावयाचे असेल त्यांनी नागपुरास महाराष्ट्र एक्स्प्रेस धरून कोल्हापुरास उतरावे व फोंडा घाटाने कणकवलीमार्गे मालवण गाठावे, किंवा मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळास उतरावे. तेथून मालवण तीसेक किलोमीटर आहे. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी पंचांग पाहून उधाणाचे दिवस टाळावेत, आणि संगमावर जावयाचे तर भरती पुरी होण्याच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे ओहोटी लागेपर्यंत निवांत वेळ मिळतो.