परतीचं तिकीट

मॉरिशसला जाताना भारतीय पासपोर्टवाल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. निघण्यापूर्वी एक ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा. प्लेझाँसच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी माझं हॉटेलचं बुकिंग पाहिलं आणि परतीचं तिकीट मागितलं. तिकिटावरच्या तारखेवर बोट ठेवून त्यांनी ती नीट वाचली, मगच शिक्का मारला. पर्यटक म्हणून यायचं, इथे नोकरी करायची नाही आणि मुदतीत परत जायचं, या मुख्य अटी.

या अटींचा खरा अर्थ मला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उमगला. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने आणलेले 36 गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, या बेटावर उतरले. पुढे साडेचार लाखांवर माणसं आली, त्यांतली बरीचशी याच धक्क्यावरून. बहुतेक बिहारकडची आणि दक्षिणेतली. मुंबई बंदरातून आली त्यांत आपली मराठी माणसं. उसाच्या मळ्यात राबणार, हीच त्यांना प्रवेश देण्याची अट होती. सुरुवातीच्या करारांत परतीचा प्रवास फुकट होता. 1850च्या दशकात तोही काढून घेतला. आज काम करणार नाही आणि परत जाणार, या बोलीवर आपल्याला आत घेतात. तेव्हा सगळं नेमकं उलटं होतं.

घाटाच्या काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. मी चढून वर गेलो तेव्हा सोबतचे इथलेच मराठी काका म्हणाले, “आमचे खापरपणजोबा रत्नागिरीचे. इथंच त्यांचा नंबर लिहिला.” त्या खापरपणजोबांचं नाव आज काकांचं आडनाव आहे, इथल्या कितीतरी घरांत असंच झालं. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी वस्त्यांत अजून झाकरी नाचतात. कोकणातल्या जाखडीचीच ती पोर. काकांनी तिथल्या तिथे दोन पावलं करून दाखवली, तेव्हा मला भरून आलं.

त्या मजुरांच्या नोंदी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. 1860च्या दशकापासून तर फोटोसुद्धा. माणूस मळा सोडून पळू नये यासाठीही सरकारने हे कागद केले. आता तेच कागद वेगळ्या कामाला येतात. मार्च 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला आल्या होत्या. भारतीय वंशाच्या इथल्या सातव्या पिढीलाही भारताचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. त्यासाठी आपलं मूळ भारतातलं आहे हे दाखवावं लागतं. काकांनी खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणली आहे. तिच्यावर गावाचं नाव इंग्रजीत, कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. आम्ही दोघांनी ते चार-पाच तऱ्हांनी उच्चारून पाहिलं. शेवटी मी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा फोनवर उघडला आणि आम्ही एकेक तालुका घेत गावं वाचायला बसलो.