दोन डॉक्टर, दोन फायली

पाळीचं मी फॅमिली डॉक्टरांना सांगितलं नाही आणि थायरॉइडचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. दीड-दोन वर्षं जो त्रास काढला, त्यातला निम्म्याहून अधिक या लपवालपवीतून आला, हे आज मला स्वच्छ दिसतं.

फॅमिली डॉक्टर म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. घरच्या प्रत्येक कार्याला येणारे. त्यांच्यासमोर बसून ‘अंगावरून फार जातं’ हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मग मी बाकीचं तेवढं सांगितलं. सकाळी उठवत नाही, केस मूठ-मूठ निघतात, वैशाखातसुद्धा पंखा नको वाटतो, जेवण कमी करूनही वजन चढतंय. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच ३८ आला. साधारण ४-५ च्या आत असायला हवा तो. ‘थायरॉइड कमी पडतंय, गोळी चालू करू,’ म्हणाले. पन्नास मायक्रोग्रॅमची बाटली घेऊन मी घरी आले.

त्याच महिन्यात मैत्रिणीच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. तिथे मात्र मी पाळीचं सगळं मोकळेपणाने सांगितलं: आठ-आठ दिवस थांबत नाही, गाठी पडतात, पतपेढीत काउंटरवरून उठायची भीती वाटते म्हणून गडद रंगाच्याच साड्या नेसते. त्यांनी विचारलं, ‘दुसरा काही आजार? कसली गोळी चालू आहे?’ मी ‘नाही’ म्हणाले. खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. थायरॉइड हा मला सांगण्याजोगा आजारच वाटत नव्हता. आमच्या पतपेढीत चौघी-पाचजणी ती गोळी घेतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, शंभरातल्या सुमारे ११ प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. जे घरोघरी असतं ते किरकोळच असणार, अशी माझी समजूत होती.

त्याआधीची एक चूक सांगितलीच पाहिजे, कारण तिने सगळा घोळ वाढवला. नवरात्रात घरी घट बसतात, रोज अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असतं, अष्टमीला देवी नगरप्रदक्षिणेला निघते. त्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून मी दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायची. डॉक्टरांना न विचारता. घरातल्या सगळ्याच बायका घ्यायच्या. त्या वर्षी दसऱ्यानंतर जे सुरू झालं ते दिवाळीच्या तोंडापर्यंत थांबलं नाही. मी सगळा दोष त्या गोळ्यांना दिला. देवीचा कोप झाला की काय, असंही रात्री मनात यायचं, आणि ते कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. वर्षभर आधीपासून पाळी लांबत आणि वाढत चालली होती, ती आठवण मी सोयीस्कर बाजूला ठेवली.

थायरॉइडची गोळी घेण्याची पद्धतही माझी सपशेल चुकीची होती. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं: उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन पहाटेच्या दुधाच्या चहाबरोबर ती घेऊ लागले, कारण चहा झाल्याशिवाय आमच्या घराची चाकं फिरत नाहीत. पुढे डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीसाठी लोहाची गोळी दिली, तीही मी त्याच घोटाबरोबर गिळायची. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. म्हणून दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर लागतं. हे लोह देणाऱ्या बाई सांगू शकल्या असत्या, पण थायरॉइडची गोळी चालू आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यात कुणीतरी धण्याचं पाणी सुचवलं, म्हणून मध्येच काही आठवडे मी गोळी बंद करून तेही केलं.

परिणाम असा की पुढच्या तपासणीत टीएसएच जागचा फारसा हलला नाही आणि डोस वाढला. आणि मी ठरवून टाकलं की गोळ्यांनी काही होत नाही.

सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या भिंतीत जेमतेम तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली, अस्तर जाड दिसलं. पिशवी काढायची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी काढली नाही, मी काढली. ‘दोन मुलं झाली आहेत बाई, काढूनच टाका.’ त्यांनी आधी औषधांचा पर्याय सांगितला, हार्मोन सोडणाऱ्या, तांबीसारख्या साधनाचा सांगितला. मी ऐकूनच घेतलं नाही. माझी जाऊ अगदी मायेने म्हणाली, ‘आता काय कामाची हाय ती? मी येतो की संगट, घाबरू नको.’ मला त्या वेळी एवढंच हवं होतं की एकदा हे संपावं.

ऑपरेशन थांबवलं ते भूलतज्ज्ञांनी. ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या वेळी पर्समधल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा म्हणाले. त्यांना ती थायरॉइडची बाटली दिसली आणि मग दोन्ही फायली पहिल्यांदा शेजारी-शेजारी उघडल्या गेल्या. टीएसएच अजून तिशीच्या वर, हिमोग्लोबिन ८. घाईचं नसलेलं ऑपरेशन अशा अवस्थेत करायचं नाही, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना कळवलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. थायरॉइडचा रस कमी पडला की स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. बीज सुटलं नाही की पाळीला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि मग कसंही, कितीही जातं. रक्त गोठवणारे घटकही काहींमध्ये कमी पडतात. इतकं रक्त गेलं की लोह घटतं, आणि थायरॉइडला आपला रस तयार करायलाच लोह लागतं. माझा थकवा, माझी पाळी, माझं रक्त हे सगळं एकमेकांना खाली ओढत होतं आणि मी त्याची दोन डॉक्टरांत वाटणी करून ठेवली होती.

अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो निर्दोष आला. गोळी नीट सुरू झाली. थायरॉक्सिन शरीरात सावकाश साठतं, डोसचा खरा परिणाम कळायला सहा आठवडे जावे लागतात, एवढंही मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या तपासणीत टीएसएच ६ च्या आसपास आला. रक्तस्राव त्याच्यामागून, काही महिन्यांत, कमी होत गेला.

तेव्हापासून मला आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड बायकांची आठवण छळते. दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या आमच्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बुडाला तरी खाडा कापला जातो, राहायला पालं, आडोशाला न्हाणी नाही. त्यांच्यामागे केवढी सक्ती होती! मला पगारी रजा होती, घरात न्हाणीघर होतं, पत्ता माहीत असलेले दोन डॉक्टर होते. तरी मी त्याच दारात जाऊन उभी राहिले, निव्वळ संकोचाने आणि घाईने. याची मला मनापासून लाज वाटते.

आणि इतकं कळूनही मी आणखी एक चूक केली, ती सगळ्यांत वाईट, कारण ती दुसऱ्याच्या जिवावर केली.

इचलकरंजीला माझी थोरली बहीण असते. तिलाही अंगावरून फार जायचं आणि तिची ऑपरेशनची तारीख ठरली होती. मी तिला फोनवर ठासून सांगितलं, ‘अक्का, मुळीच करू नकोस, हे थायरॉइडचं आहे.’ तिचा रिपोर्ट न बघता, तिच्या डॉक्टरांशी न बोलता. तिने माझं ऐकून तारीख पुढे ढकलली. टीएसएच तपासला तर तो चोख आला. तिची गाठ माझ्यासारखी लहानशी नव्हती. मोठी होती आणि अस्तराच्या बाजूला आत शिरलेली होती. त्या वाट बघण्यात तिचं हिमोग्लोबिन आणखी घसरलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या आणि मग ऑपरेशन झालं.

अक्का आता बरी आहे. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मी मात्र तिला झालं ते सगळं क्रमाने सांगितलं, तिच्या डॉक्टरांनाही भेटून सांगितलं. आता तिची धाकटी मुलगी केस गळतात म्हणून मला फोन करते, तेव्हा मी तिला पाळीचं विचारते, घरात थायरॉइड आहे हे डॉक्टरांना सांग म्हणते, आणि माझी बाटली कुठली, डोस किती, हे तिने विचारलं तरी सांगत नाही.